दाराऐवजी चादर

...अहो नाही, सरकार मदत करतच नाही असं कुठं म्हणतेय मी? चूक माझीच! आमच्या शाळेत सगळी कचरा वेचणाऱ्यांची, विटा वाहणाऱ्यांची मुलं. संडास एकच, आणि त्याला दार नाही! मुलगे जातात कुठंही, मुलींनी काय करायचं? तर मी बावळट मुख्याध्यापिका, तपासणीचे साहेब येणार म्हणून भिंती पुसल्या आणि दाराच्या जागी घरातली फुलाफुलांची चादर लावली... इस्त्री करून! साहेबांनी चष्मा वर केला, 'वा बाई, आडोसा झकास केलाय हं!' आणि लिहिलं काय? 'सोय समाधानकारक.' झालं! गरजू शाळांच्या यादीतून आम्ही बाद. नवरा म्हणतो, 'इस्त्री कशाला केलीस गं?' घ्या! चूक माझीच!

तुम्हाला सांगते, हसू नका, ती चादर वाऱ्यानं उडते हो! मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग डोकं दुखतं, मग घरीच बसतात. सातवीतली आमची 'मास्तरीण', फळ्यावरची माझी गणितं दुरुस्त करणारी, तीही यायची थांबली. तिची आई म्हणाली, 'बाई, दार लावा, लगेच पाठवते.' अकरा अर्ज केले मी, अकरा! उत्तर एकच... 'सोय समाधानकारक आहे.'

यंदा साहेब परत आले. मी चादर काढली, घडी घालून टेबलावर ठेवली. चहा दिला, पाणी दिलं, पुन्हा चहा... आग्रहात मी कमी नाही हो! तासाभरानं साहेबांची खुर्चीत चुळबुळ. 'बाई, ते... कुठंय?' 'मागच्या बाजूला, साहेब.' गेले, आणि तस्से परत! 'अहो, दार कुठंय? निदान ती चादर तरी लावा!' म्हटलं, 'लावते की. आधी लिहा.' 'बाई, ही अडवणूक आहे!' 'हो साहेब, चूक माझीच. लिहा.'

लिहिलं हो, उभ्या उभ्या! 'दार तातडीनं आवश्यक.' अक्षर जरा थरथरलं, पण लिहिलं!

आणि आलं की दार! नवं कोरं, लोखंडी... नुसतं दार. चौकट? ती कुठं लिहून घेतली होती मी? चूक माझीच! आता चौकटीसाठी बारावा अर्ज.

पण मास्तरीण रोज येते बरं का! कशी काय? अहो, मधल्या सुट्टीत ते दार दोन्ही हातांनी धरून मी उभी असते, आणि आतून ती ओरडते, 'बाई, हलू नका!' ...पगार मुख्याध्यापिकेचा, काम कडीचं!