हेडचे आटे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती मिस्त्री, जुन्या मोटरसायकलींवर जीव टाकणारे आपल्या क्लबचे सभासद, त्या सभासदांना सहन करणारी त्यांच्या घरची मंडळी, आणि पहिल्या रांगेत काठी टेकून बसलेले माझे वडील,

चाळीस वर्षांनी मिस्त्री गॅरेज बंद करताहेत. त्यांच्या कौशल्यावर जाणकार बोललेच. मी पडलो शाळेचा मुख्याध्यापक. मला बोलावलं ते बहुधा अज्ञानाचा प्रतिनिधी म्हणून.

वडिलांची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. सहा वर्षांपूर्वी, त्यांच्या पंच्याहत्तरीला, तिला स्वतःच्या हाताने नवा प्लग बसवायचं मी मनावर घेतलं. दुकानदाराने विचारलं, "गरम देऊ की थंड?" मी म्हणालो, "काही नको, आत्ताच चहा झालाय." प्लगमध्ये गरम आणि थंड असे प्रकार असतात, हे या सभागृहात कोणाला ठाऊक नाही? मला नव्हतं. त्या भल्या माणसाने गाडीचं मॉडेल विचारून योग्य तो दिला.

प्लग म्हणे आधी नुसत्या बोटांनी फिरवत आत न्यायचा, टेकला की मगच पाना लावायचा. मी थेट पाना उचलला. प्लग इंजिनाच्या हेडमधल्या आट्यांत तिरका शिरला. मला वाटलं, जड जातोय म्हणजे घट्ट बसतोय. आणखी जोर लावला. मग तो एकदम हलका फिरायला लागला, तेव्हा तर मी खूशच झालो.

गाडी ढकलत मिस्त्रींकडे नेऊन ठेवली आणि शाळेत गेलो. त्यांनी घरी फोन केला, तो आमच्या हिने उचलला. "वहिनी, हेडचे आटे गेलेत." आता शाळेत मला सगळे हेडच म्हणतात. ही शांतपणे म्हणाली, "मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. तुम्हाला आज कळतंय?"

हसा, मीही हसतो. पण पुढचं मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

संध्याकाळी मी गॅरेजात असतानाच वडील आले. "कोणी केलं हे?" आठशे मुलांना रोज खरं बोलायला सांगणारा मी, कोपऱ्यातला हवेचा पंप न्याहाळत राहिलो. मिस्त्री म्हणाले, "माझ्याच हातून झालं, काका." त्यांनी हेडला नवे आटे पाडून दिले, गाडी सुरू झाली. वडिलांनी मात्र त्या गॅरेजात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. "त्याचा हात गेला," असं भेटेल त्याला सांगत राहिले. वडिलांच्या शब्दावर कितीजणांनी गाड्या दुसरीकडे नेल्या, हे मला माहीत आहे. मी मिस्त्रींना एकदा विचारलं, असं का केलंत? "सर, बापासमोर पोराचं उतरलेलं तोंड मला बघवत नाही." त्या वेळी हे पोर पन्नाशीचं होतं.

आज वडिलांना मीच आग्रहाने आणलंय. बाबा, मिस्त्रींचा हात कधीच गेला नव्हता. तो प्लग मी बसवला होता.

संयोजकांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. सहा वर्षं जे बोललो नाही, त्याची माफी मात्र मिस्त्री, मी तुमच्याकडे मागतो.

वडील उठलेत. माझ्याकडे बघतही नाहीत, मिस्त्रींच्या खुर्चीकडे निघालेत. व्यासपीठ उंच आहे, कोणीतरी त्यांना हात द्या. नको, राहू द्या. मिस्त्रीच खाली उतरताहेत.