दोन अंदाज, एक जावई

बँकेच्या रांगेत माझ्यापुढे सासू-जावई उभे होते. जावई शेअर बाजाराचे अंदाज लिहिणारा. येत्या वर्षी बाजार चढो की पडो, सासरी त्याची वाहवा ठरलेलीच होती.

"पुढच्या वर्षी बाजार चढणार, असं मला सांगितलंत ना, जावईबापू?"

"हो, आई."

"आणि यांना पडणार म्हणालात?"

"...बाबा बोलले वाटतं?"

"काल रात्री जेवताना. तोवर यांनी घाबरून सगळे शेअर सकाळीच विकले होते."

"अरे देवा! आणि तुम्ही?"

"मी दुपारी घेतले. तेच, तेवढेच. एकमेकांना विचारायची पद्धत कुठेय आमच्यात!"

"भाव?"

"जवळपास तोच."

"हुश्श! म्हणजे तुमची म्हातारपणाची पुंजी शाबूत आहे!"

"आहे हो. मी घेतलेत हे ऐकल्यावर यांच्याही घशाखाली घास उतरला."

"मग आज आपण इथे कशाला आलोय?"

"दलालाने विकल्याची दलाली घेतली, घेतल्याचीही घेतली. ती तुमच्या खात्यातून काढायचीय."

"दोन्ही?"

"अंदाज किती दिले होतेत?"

जावयाने सही केली. सासऱ्यांचं काही गेलं नाही, सासूबाईंचंही नाही. दोन्ही दलाल्या जावयाने भरल्या, आणि त्याही हसत.