सदूची पहिली कुस्ती

खरं सांगू, कुस्तीची हौस सदूला नव्हती, मला होती. पोराची पहिली कुस्ती बघायला मी गिरणीतून रजा काढून, मुंबईहून बोटीने आलो. सावर्ड्याच्या जत्रेत पोरगं बघता बघता चीत झालं. लोक हसले. मी घरची वाट धरली. तीन मैल मी पुढे, तो मागे.

घरी सदूच्या आईने त्याचा सुजलेला उजवा हात धरला, तेव्हा कळलं, मनगट मोडलंय.

"अरे, वाटेत सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही कधीतरी मागे बघाल असं वाटलं, बाबा."

रजेचे उरलेले आठ दिवस मी त्याला माझ्या हाताने भरवलं.