बसलेलं टायर

मिस्त्री : नाही हो काका, बेअरिंग गेलं असतं तर सारखी घरघर आली असती. हे चाक तर धब् धब् करतंय. वेग वाढवला की भरभर, कमी केला की सावकाश. बरोबर?

नवरा : असेल. अगं, मी म्हणतो घरीच जाऊ या परत. पुढच्या रविवारी बघू.

बायको : पुढच्या कशाला? इतके दिवस मी जाणार नाही म्हणून हट्टाला पेटले होते, आज कशीबशी पायात चप्पल घातली, तर आता यांना घर आठवतंय. तुम्ही बघा हो मिस्त्री. लेकीकडे निघालोय. नातवाचं तोंडही पाहिलेलं नाही मी अजून.

मिस्त्री : अरे वा! लेकीकडे वाजतगाजतच जावं काकू, पण चाकं वाजवत नव्हे. थांबा, जॅक लावलाय. काका, इथं हात फिरवा. गोल, गोल, गोल... आणि इथं?

नवरा : हं.

मिस्त्री : सपाट. टायर बसलंय.

बायको : बसलंय म्हणजे?

मिस्त्री : गाडी फार दिवस एका जागी उभी राहिली ना, की सगळं वजन टायरच्या एकाच भागावर पडतं. तेवढा भाग चपटा होतो. तो खाली आला की धब्. चारही चाकांची तीच तऱ्हा आहे. ही गाडी कितीतरी महिने हललेली नाही.

बायको : काहीतरीच काय! दर रविवारी जाते. सकाळी हे लेकीकडे जातात, जेवायच्या वेळेला परत. मी हटून घरी बसले म्हणून काय झालं, यांनी एक रविवार चुकवलेला नाही.

नवरा : टायर जुनं झालं असेल हो. सोडा ना.

मिस्त्री : जुनं कुठलं काका, नक्षी अजून कोरी करकरीत आहे. बरं, माझंही चुकत असेल. हे पुढचं डावं जास्त बसलंय, त्याच्या जागी स्टेपनी लावून देतो. डिकी उघडतो हं.

नवरा : डिकी नको.

बायको : नको काय? उघडा तुम्ही.

(डिकी उघडल्याचा आवाज.)

मिस्त्री : स्टेपनीवर ही पिशवी आहे. बाजूला ठेवतो. लोकरीचं आहे वाटतं. टोपडं, मोजे, हा स्वेटर...

बायको : आणा इकडे. हा... हा मी यांच्याबरोबर पाठवला होता. बाह्या आखूड झाल्या, असा लेकीचा निरोप हे घेऊन आले, म्हणून सगळा उसवून परत विणला.

मिस्त्री : मी... आतून पाना घेऊन येतो. सावकाश येतो. बसा तुम्ही.

बायको : कुठं जात होता तुम्ही?

नवरा : गाडीपाशीच. त्या भाड्याच्या शेडमध्ये. काचा वर करून आत बसायचो. मधूनमधून इंजिन सुरू करायचो. वेळ झाली की घरी यायचो.

बायको : आणि लेक?

नवरा : पहिल्यांदा गेलो होतो गं, खरंच गेलो होतो. पोटुशी होती. दारातच उभी राहिली. म्हणाली, बाबा, आईला घेऊन या, मग दोघंही आत या.

बायको : मला का नाही सांगितलंत?

नवरा : तेव्हा तिचा विषय निघाला तरी तू भरल्या ताटावरून उठायचीस. म्हटलं, आधी तुला जरा निवळू द्यावं. म्हणून बोलून गेलो, तिनं तुझी आठवण काढली. त्या दिवशी तू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलीस. मग मला थांबताच येईना.

बायको : परत गेलाच नाहीत?

नवरा : गेलो. बाळंत झाली असेल, अशा बेतानं गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बाळाला घेऊन गेले, लांब कुठंतरी नोकरी लागली जावयाला. पत्ता कुणाकडे नाही. फोन लागत नाही. तेव्हापासून गाडी उभीच आहे.

बायको : म्हणजे ती माझी वाट बघत होती.

नवरा : हो.

बायको : आणि मी तोऱ्यात घरी बसून सुया चालवत होते. अहो, सांगायचं होतंत. मी आदळआपट केली असती, तुम्हाला नाही नाही ते बोलले असते. पण गेले असते.

नवरा : गेली असतीस?

बायको : माहीत नाही. आता काय सांगू?

नवरा : रडू नकोस. मिस्त्री येईल.

बायको : येऊ दे. जीव तुटतोय माझा, तो येईल म्हणून थांबू? नातू हसला की गालाला खळी पडते म्हणालात. लेकीसारखी. रोज झोपताना मी ती खळी डोळ्यांपुढं आणते.

नवरा : मी पाहिलेलं नाही त्याला.

बायको : मुलगा झाला, एवढं तरी खरं ना?

नवरा : शेजारीण नुसतं 'बाळ' म्हणाली. मुलगा की मुलगी, हे विचारायचं मला सुचलंच नाही.