साहेबांना घाबरवायचं भूत

...आणि वर साहेब मलाच विचारतात, 'भूत जरा हसरं नाही का करता येणार?' हसरं! अहो, मेलेला माणूस तो, हसेल कशाला? तुम्हाला सांगतो, आमच्या ऑफिसातलं नाताळचं नाटक, त्यात मी भूत. एका कंजूष मालकाचा मेलेला भागीदार. साखळ्या ओढत यायचं, 'सुधर, नाहीतर माझ्यासारखा होशील' म्हणून ओरडायचं, आणि मालकानं चळाचळा कापायचं. मालक कोण? आमचे साहेब! आणि साहेब कापायलाच तयार नाहीत! 'स्टाफसमोर बरं दिसत नाही हो,' म्हणे. मी दारातून येतो, गळ्यात गोदामाच्या फाटकाची खरीखुरी साखळी, मान मोडायला आलेली, आणि साहेब? 'या, बसा. काय काम काढलंत?' भुताला! भुताला कोणी बसा म्हणतं का?

दिग्दर्शक आमचे कॅशियर. त्यांना म्हटलं, साहेबांना सांगा ना घाबरायला! तर कानात कुजबुजतात, 'तुम्हीच जरा कमी भयानक व्हा, म्हणजे त्यांचं न घाबरणं शोभून दिसेल.' ऐका! मरायचं मी, साखळ्या ओढायच्या मी, आणि शोभायचं त्यांनी!

बरं, घरी काय सांगू? आमची लेक पहिलीत. पहिल्यांदाच बापाला स्टेजवर बघणार. शाळाभर सांगत सुटलेली, 'माझे बाबा भूत आहेत, सगळे घाबरणार!' आता तिच्यासमोर साहेब 'या, बसा' म्हणाले तर?

आणि म्हणालेच की हो! भर प्रयोगात! वर खुर्ची पुढे सरकवली! माझं डोकंच फिरलं. साखळी आपटली टेबलावर आणि जो सुटलो... 'बसा काय, बसा? जन्मभर बसूनच राहिलास! माणसं राबवलीस, कधी एक गोड शब्द बोललास?' नाटकातलं एक वाक्य नाही हो त्यात! साहेब पांढरेफटक, टेबलाखाली शिरले, खरोखर कापतायत... आणि टाळ्या! थांबेचनात! पडदा पडला तर सगळे साहेबांभोवती, 'काय घाबरलात साहेब! काय अभिनय!' आणि साहेब घाम पुसत, 'सरावानं जमतं.' मरायचं मी, साखळ्या ओढायच्या मी, आणि कौतुक त्यांचं!

म्हटलं, गेलं मसणात. पोरीनं तर पाहिलं ना? तसाच खणखणत गेलो तिच्याकडे. 'काय गं, घाबरलीस का भुताला?' तर ही आईकडे बघते, मग माझ्याकडे बघते... म्हणते, 'भूत कधी आलं, बाबा? तू तर घरच्यासारखाच ओरडत होतास.'

बायको म्हणाली, 'साखळी तेवढी नवी होती हो.'

आता बोला! काय करणार? साहेबांनी सरकवलेली ती खुर्ची होती अजून स्टेजवर तिथेच... गेलो, बसलो.