तौसीफचं माप

हॅलो? … हां, बोला सुंदरराव. तौसीफच बोलतोय… न्हाई, घसा बसला न्हाई. हळू बोलावं लागतंय. सांगतो ना, ऐका तर…

हो, हो, झालं. केज गावाच्या बाजूचं जाळीचं शेवटचं पॅनल सकाळीच बसवलं. वेल्डिंगचे चार टाके मारले, रंग पण दिला. तुमच्या सोलार प्लांटला आता चारी बाजूनं जाळी हाय… थांबा, शाबासकी नगं. समोर काळवीट उभे हायेत.

कळप हाय. तेरा. जाळीच्या भाईर, माझ्यापासून दहा पावलांवर… पळंनात ओ, तेच तर सांगतोय. एरवी गाडीचा आवाज आला की चारी पाय उचलून उडत जातेत. आज नजर हलवंनात.

कावून पळंनात म्हणता? त्यांची वाट बंद केली मी. खांबाला खड्डा खणला तवा पायवाट दिसलती. वाटलं, शेरडांची हाय. हरणांची निघाली, घोट्याएवढी खोल. किती पिढ्या चालल्या असतील… कालव्यावर पाणी पितेत, इथं गवतात येतेत. दुसरं रान राहिलंय कुठं? तिकडं ऊस, खाली चौपदरी रस्ता…

हाकलून देऊ? … सुंदरराव, पाडस आत राहिलंय.

हो, आत. पाना आणायला गेलतो, पाय पडता पडता राहिला. अंग जमिनीला लावून बसलंय. नाकावर माशी फिरायली, तरी पापणी हलंना. आई सांगून गेली असंल, हलू नको म्हणून. आन मी मधी जाळी ठोकली. सुभानअल्ला, एवढा सबूर मी मोठ्या माणसात बघितला न्हाई.

न्हाई, उचलायचं न्हाई. धास्तीनं जीव जाईल त्याचा…

कसला आवाज? … हां, तो. हॅक्सॉ ब्लेड हाय… अहो, ग्राइंडर लावलं तर कळप पळंल ना. हातानंच कापतोय. तीन टाके निघाले, चौथा चाललाय… म्हाईत हाय, उद्या कंपनीचे सायब तपासायला येणार. आई लेकराला घेऊन गेली की तासाभरात परत टाके मारतो. अम्मीची कसम.

निघालं… पॅनल सरकवतो. आता बोलू नका.

…

आली. पायाजवळून गेली माझ्या. आवाज पण न्हाई दिला तिनं, तरी पाडस आपसूक उठलं. कसं कळलं ओ त्याला? … हो, रडतोय. रडू द्या.

आता येतेल भाईर दोघं… न्हाई. उलटंच चाललंय. बाकीचे आत यायलेत. एकामागं एक, त्याच वाटेनं. दहा… अकरा… काळा नर सगळ्यात मागं, बारा. बसले की. प्लेटांच्या सावलीत, घरी आल्यागत.

सुंदरराव, तासाभरात बंद करतो म्हणलो ना? न्हाई व्हायचं माझ्याच्यानं.

सायबाला? सांगा, तौसीफचं माप चुकलं. पॅनल बसलं न्हाई… अठरा वर्षांत एक सूत न्हाई चुकलं, खरं हाय. पण ते सायबाला कुठं म्हाईत हाय? तुमाला हाय, तेवढं बास.



काय म्हणलात? … सायबाला किती चुकलं म्हणून सांगू, म्हणता?

थांबा, नराकडं बघून सांगतो… शिंगांसकट निघंल एवढं. ठेवतो.