वाटीवर डाळ टाकू नका

मंडळी,

माधवगंजातून, दाल बाजारातून, कुठून कुठून आलात सगळे. ताईंना बरं वाटलं असतं. मला मात्र बोलणं जड जातंय. याच खोलीत दर रविवारी मी कुमुदताईंकडे मराठी शिकले, भूगोल शिकले, आणि आज त्यांच्या फोटोपुढे उभी आहे. तरी बोलणार. नुसतं रडत बसलेलं ताईंना चालायचं नाही.

समुद्राचा धडा आठवतो ना? ग्वाल्हेरात कुठला समुद्र! ताई परात घ्यायच्या, मधोमध छोटी वाटी पालथी घालायच्या. हे ज्वालामुखीचं बेट. आम्ही घरून मूठ-मूठ हरभऱ्याची डाळ न्यायचो. हे प्रवाळ. ताई म्हणायच्या, "बोटात पोवळं घालून मिरवता, ते इवल्या जिवांचं घर आहे. त्यांना ऊन लागतं, उथळ कोमट पाणी लागतं." म्हणून डाळ वाटीच्या काठाला लागून गोल लावायची, हातातल्या कड्यासारखी.

मग ताई तांब्याने पाणी ओतायच्या. "बेट खचतंय बरं का!" आम्ही कड्यावर डाळ चढवत जायचो. वाटी वर निमुळती, त्यामुळे वाटी आणि कडं यांच्यामध्ये पाणी साचायचं. हे लगून. शेवटी वाटी दिसेनाशी व्हायची, डाळीचं कडं तेवढं उरायचं. हे कंकणद्वीप.

दर वेळी कोणीतरी ओरडायचंच, "ताई, द्वीप डूब रहा है!" आणि घाबरून आपली मूठ वाटीवरच रिकामी करायचं. ती डाळ घसरून लगूनमध्ये जायची. ताई हात धरायच्या. "वाटीवर नको रे. कड्यावर टाक. बेट खचणारच. जुने प्रवाळ मरतात, नवे त्यांच्याच सांगाड्यांवर घर बांधतात. ते थांबले, की कडंही बुडालं."

नानासाहेब, तुम्ही आमच्या मंडळाचे वडीलधारे, रागावू नका. आत्ता तुम्ही म्हणालात, वर्ग बंद करू, इथे ताईंचा पुतळा बसवू, खोलीला त्यांचं नाव देऊ. मायेनंच म्हणालात. पण नानासाहेब, ही वाटीवर टाकलेली डाळ आहे. पुतळ्याकडे कोणतं मूल मराठी शिकायला येईल?

वर्ग बंद होणार नाही. हा रविवार मी घेणार. माझ्या बोलण्यात अर्धी हिंदी येते, मुलं हसतील. हसू देत. मला ताईंसारखं जमणार नाही. न जमू दे. पण दार उघडं राहील. त्यापुढचा रविवार कोण घेणार? घरी जाऊन विचार करतो, असं नको. इथेच सांगा.

फोटोपुढे ताईंची परात ठेवलीय. वाटी पाण्याखाली गेलीय. आज फुलं नकोत. आधी सगळे शांत उभे राहू. मग एकेकाने पुढे या, शेजारच्या डब्यातली मूठभर डाळ घ्या आणि कड्यावर टाका.

धडा संपला की तीच भिजलेली डाळ वाटून, वर फोडणी घालून ताई आम्हाला खायला द्यायच्या. आज डाळ मी वाटणार आहे. कोणी तसंच जायचं नाही.

ताई, नमस्कार करते. उभे राहू या.